जहाज पोहोचेपर्यंत

१२ सप्टेंबर २०२५

मनकर्णा आज सिल्लोडला गेली. तिचा भाऊ कचरू मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडून बसलाय, आणि त्याच्या बायकोला शेत, गोठा आणि हा पेशंट असं सगळं एकटीनं झेपेना. मी स्टँडवर जाऊन तिला एसटीत बसवून आलो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "मंग याल ना?" कचरूला बघायला याल ना, असं असणार. म्हटलं, "बघू, सध्या कामाचं लई हाय." तिने मान हलवली. पंधरा दिवसांत येईल.

रोज वर्कशॉपवरून आलो की हातपाय धुता धुता मी तिला दिवसभराचं सांगतो. ती भाजी निवडत असते. ऐकते की नाही देव जाणे, पण मध्येच एखादा प्रश्न असा टाकते की ऐकत होती हे कळतं. आता पंधरा दिवस सगळं पोटात ठेवलं तर अजीर्ण व्हायचं, म्हणून ही वही.

तर वहीबाई, ऐका. वाळूजला आमच्याकडे रबरी कापडाच्या वस्तू होतात. पुरात लागणाऱ्या बोटी, दवाखान्यातल्या हवेच्या गाद्या. मालक पुण्यात, इथलं सगळं माझ्यावर. आता बंगळुरूच्या एका नव्या कंपनीचं काम आलंय. त्यांच्या रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, इंधन संपलं की सुटतो आणि बंगालच्या उपसागरात पडतो. पडला की गेला, असं आजवर चालायचं. यांना तो परत आणून पुन्हा उडवायचाय. पॅराशूटने तो हळू उतरेल, पाण्याला टेकला की आमच्या चार पिशव्या फुगतील, आणि जहाज येईपर्यंत त्या त्याला वर धरून ठेवतील. आमचं काम एवढंच. पण एवढं फसलं तर बाकी सगळं तळाला.

१९ सप्टेंबर

कंपनीचा इंजिनियर आला. अभय नाव, मूळचा नाशिकचा, मला काका म्हणतो. हुशार आहे, फक्त चहा सोडून कॉफी मागतो. त्याला विचारलं, जहाज यायला किती वेळ लागतो? म्हणाला, समुद्र शांत असला तर काही तास, खवळला तर दोन दिवसही. म्हटलं, आणि नाहीच आलं तर? तो हसला. म्हणाला, "काका, पिशवी कितीही चांगली असली तरी हवा हळूहळू जातेच. कुणी न्यायला आलंच नाही तर ती तरी किती दिवस धरणार?"

हे मनकर्णाला सांगायला हवं होतं. फोनवर नीट सांगता येत नाही, मागे कचरूची म्हैस ओरडते.

२८ सप्टेंबर

मनकर्णाची सात वाजताची मालिका आहे. कचरूकडे टीव्हीवर फक्त बातम्या आणि क्रिकेट, त्यामुळे तिची चुकते. आज सहज लावली आणि नंतर फोनवर तिला सांगितलं की त्या धाकट्या सुनेने सासूचे दागिने बँकेत ठेवले. तिने तीन प्रश्न विचारले. कोणती साडी होती हेही विचारलं. आता उद्यापासून नीट लक्ष देऊन बघावी लागेल. काय दळभद्री मालिका आहे.

पंधरा दिवस होऊन गेले. विचारलं, कधी येतीस? म्हणाली, "बघू." तिचा जीव भावात अडकलाय, साहजिक आहे. मी आग्रह केला नाही. इतक्या वर्षांत मी तिच्यावर कधी कसली जबरदस्ती केलेली नाही, याचा मला जरा अभिमानच आहे.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये कटिंगचं मशीन, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचे हार. दरवर्षी मनकर्णा येऊन ओवाळते. या वर्षी मीच ओवाळलं आणि कुंकवाचं बोट कॉम्प्रेसरच्या काचेवर लागलं, प्रेशर किती ते दिसेना. चिकटकामाची मुख्य अख्तरी आहे, गेली कित्येक वर्षं आमच्याकडे. ती काच पुसता पुसता म्हणाली, "भाऊ, भाभीला आणा आता." म्हटलं, अख्तरी, ती काय पार्सल आहे का आणायला? मोठी बाई आहे, दर तासाला एसटी आहे, तिला वाटेल तेव्हा येईल. अख्तरी म्हणाली, "व्हय, तुमी बराबर." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून कामाला लागली. या बायकांना नवे विचार जरा उशिराच पटतात.

१० ऑक्टोबर

अभयचा हट्ट की चिकटवलेल्या जोडांची परीक्षा खाऱ्या पाण्यातच व्हायला पाहिजे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे ना! शेवटी शेडमागच्या टाकीत मोंढ्यातून आणलेलं जाड मीठ ओतलं आणि जोडांच्या पट्ट्या त्यात बुडवून ठेवल्या. अख्तरी रोज झाकण उघडून बघते आणि सगळ्यांना सांगते की साहेबांचं लोणचं अजून मुरलेलं नाही.

मनकर्णाला फोनवर सांगितलं. खूप हसली. तिचं हसू ऐकून मला एकदम बोलायचं सुचेना. मग मालिकेचं सांगितलं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. काल पाडवा होता. शेजारच्या वहिनींनी फराळ दिला. मी नवा शर्ट घातला आणि खुर्चीत बसलो. पाडव्याला ती ओवाळते तेव्हा तिच्या तोंडावर निरांजनाचा उजेड पडतो, आणि ती माझ्याकडे न बघता ताटाकडे बघते. लग्न झाल्यापासून तशीच बघते. काल मला ते आठवलं आणि शर्ट काढून ठेवला.

आज कचरूचा फोन आला. काठी टेकत गोठ्यापर्यंत जातो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दाजी, येताय का मंग? गाडीचं काय ठरवू?" मी समजलो, दिवाळीचं जेवायला बोलावतोय. मोठ्या मनानं म्हटलं, "अरे, मला काही घाई नाही. ऱ्हाऊ दे तिला हवं तितके दिवस. तिचंच घर हाय." कचरू म्हणाला, "फोन स्पीकरवर हाय, दाजी." म्हटलं, मग तर बरंच झालं, तिलाही ऐकू गेलं असेल.

मला वाटलं होतं ती फोन घेईल. घेतला नाही. पाहुणे असतील.

९ नोव्हेंबर

गंगापूरकडे एका बागायतदाराच्या शेततळ्यात पहिली मोठी चाचणी. अभयला त्या तळ्यातही मीठ टाकायचं होतं. बागायतदार म्हणाला, आधी माझ्या मोसंबीला विचारा. मग गोड्या पाण्यावर भागवलं. क्रेनने बूस्टरच्या जागी एक लोखंडी नळकांडं वरून सोडलं, पिशव्या धडाधड फुगल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने एका पिशवीचा जोड उसवला. नळकांडं आधी कललं आणि मग एका बाजूने पाण्यात जाऊ लागलं.

जोडाची पट्टी अरुंद मीच ठरवली होती. वजन वाचवायला. अभय काही बोलला नाही, आणि तो बोलला असता तर बरं झालं असतं. आता सगळे जोड रुंद पट्टीने नव्याने करायचे. तारीख पुढे गेली.

घरी येऊन कुलूप काढलं आणि दारातच "अगं, फसलं" म्हणालो. मग दिवा लावला.

१० नोव्हेंबर

आज फोनवर तिला सगळं सांगितलं. अरुंद पट्टी, उसवलेला जोड, मोसंबी. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "ते समुद्रात पडलेलं आणाया कोण जातं?"

म्हटलं, "जहाज."

"दर बारीला?"

"दर बारीला. न जाऊन कसं चालंल? ते काय आपलं आपण चालत येणार हाय?"

मी दोनदा हॅलो म्हटलं. तिकडे रेंजचा फार त्रास आहे.

२ डिसेंबर

मालिका संपली. धाकट्या सुनेचं भलं झालं. फोनवर सांगितलं, मनकर्णा म्हणाली, "बरं झालं." आता रोज फोन करायला निमित्त राहिलं नाही. नवीन एक सुरू झाली आहे, पण ती तिने पहिल्यापासून पाहिलेली नाही, तिला तरी काय गोडी.

घर खायला उठतं. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

११ डिसेंबर

पूर्वी ती माहेरी गेली की आमचे आबा तिला आणायला जायचे. धोतर, टोपी, हातात केळीचा घड. आबा गेल्यावर एक-दोनदा धाकटा भाऊ जाऊन आला, मग तो पुण्याला राहायला गेला. त्यानंतर ती अशी मुक्कामाला गेलीच नव्हती. तेव्हाचे दिवस वेगळे होते. बायकांनी एकटं फिरायचं नाही, कुणीतरी सोबत पाहिजे, असं सगळं. आता किती सोपं झालंय. ती मनात आणेल तर दुपारच्या जेवणाला घरी.

मनात आणत नाही, हेच खरं. तिला तिथे बरं वाटत असेल. माझ्याकडे होतं तरी काय, रबराचा वास आणि रबराच्याच गोष्टी. कुणाला कंटाळा नाही येणार? तिने एका शब्दाने सांगितलं असतं तर मी कमी बोललो असतो.

१४ जानेवारी २०२६

संक्रांत. अख्तरीने मला तिळगूळ दिला. तिच्या घरी करत नाहीत, तिने मुद्दाम विकत आणला होता. म्हणाली, "भाऊ, गोड बोला. आजकाल तुमी बोलतच नाय."

रुंद पट्टीच्या पिशव्या शेततळ्यात दोन दिवस टिकल्या. बंगळुरूला रवाना केल्या. शेड रिकामी वाटते.

२४ जानेवारी

उड्डाणाची तारीख ठरली. आणि अभयने फोनवर सांगितलं की पिशव्या करणारा माणूस जहाजावर हवा. बूस्टर वर घेताना जोड कसे दिसतात ते तिथेच बघायचं. "काका, तुम्ही या." मी हो म्हणालो तेव्हा माझा आवाज चिरकला. चेन्नईहून जहाज सुटणार. बॅग आजच भरली. दाढीचं सामान, दोन स्वेटर, उलटीच्या गोळ्या. बाहेरच्या खोलीत दाराजवळ ठेवली आहे आणि येता-जाता तिच्याकडे बघतो.

जहाजावर तीन-चार दिवस फोन लागणार नाही. मनकर्णाला सांगून जावं. अशी गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, तिचं तोंड बघायचंय मला सांगताना. उद्या सिल्लोडला जाऊन येतो.

२५ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच कळायचं नाही.

स्टँडसमोर केळी घेतली. रिकाम्या हाताने काय जायचं, एवढाच विचार. कचरूच्या दारात पोहोचलो तर तो स्वतः फाटक उघडायला आला. काठी नाही, काही नाही, ताठ चालत. मी म्हटलं, तू कधी बरा झालास? म्हणाला, दिवाळीनंतर लगेच. ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दिवाळीनंतर लगेच बरा झाला, तर मग ही इथे कशासाठी होती?

मनकर्णा ओसरीवर शेंगा फोडत होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या केळ्यांकडे बघितलं. सूप खाली ठेवलं आणि आत गेली. वाळली होती. मी कचरूला जहाजाचं सांगायला सुरुवात करणार, तोवर ती बाहेर आली. इस्त्रीची साडी, केस विंचरलेले, हातात पिशवी. ती पिशवी आत्ता भरलेली नव्हती. इतक्या कमी वेळात कुणी पिशवी भरू शकत नाही. कचरूची बायको, म्हणजे तिची वहिनी, हळद-कुंकू आणि तांदूळ घेऊन आली, ओटी भरली. शेजारच्या दोन बाया फाटकाशी आल्या, त्यांना वहिनी मोठ्याने म्हणाली, "आले बाई न्यायला." कचरू माझ्या हाताला धरून म्हणाला, "दाजी, लई उशीर केला."

मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. खीर खाल्ली.

एसटीत ती खिडकीशी बसली. फुलंब्री मागे पडली. मग तीच खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबा असते तर दिवाळीच्या आतच आले असते." थोड्या वेळाने म्हणाली, "बाया इचारायच्या. न्यायला कोणी आलं नाय का म्हून. मी म्हणायची, त्यांच्या मागं लई काम हाय, रॉकेटचं." आणि मग अगदी हळू, "आपलं आपण यायला मला एसटी म्हाईत नाय व्हय? पण बोलावल्याबिगर कुठं यायचं? तुम्ही तर म्हणले, ऱ्हाऊ दे."

मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो. मंग याल ना, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हापासून ती रोज फाटकाकडे बघत होती, आणि मी इथे बसून स्वतःच्या चांगुलपणावर खूश होतो. मला रडू आलं. गाडीत खूप माणसं होती म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं.

घरी आलो. कुलूप मी काढलं, आत ती आधी गेली. दाराजवळ माझी भरलेली बॅग.

ती बॅगेकडे बघत उभी राहिली. विचारलं, "कुठं निघाले होते?"

सांगितलं. चेन्नई, जहाज, तीन-चार दिवस.

"म्हंजे आज तुम्ही मला न्यायला आले नव्हते."

खोटं बोलता आलं असतं. केळीही होती हातात. पण जिने माझं एवढं ऐकून घेतलं तिच्याशी कसं खोटं बोलायचं. म्हटलं, "नाय. सांगायला आलो होतो."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज नाही, पाण्याचा नाही. आता ती पिशवी उचलून परत गेली तर मी कोणत्या तोंडाने थांबवू? मी कितीतरी वेळ बाहेर उभा राहिलो, आणि मग पहिल्यांदाच कळलं की बाहेर उभं राहणं हीच माझी खोड आहे. आत गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती.

म्हटलं, "तू पण चल."

"कुठं?"

"चेन्नईला. अभयची बायको तिथं गेस्ट हाऊसला राहणार हाय, तिच्यासंगं ऱ्हा. जहाजावर नाय घेत, पण बंदरापर्यंत चल."

"माझं काय काम तिथं?"

"काम काय नाय. मला तू पाहिजेस." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो आणि कळलं की ते बोलायला काही वेळ लागत नाही. "तुझ्याबिगर मला काय सुदरत नाय, मनकर्णा. मी जहाजातनं उतरेन तेव्हा मला घ्यायला तू ये."

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, गॅस कधीपासून पुसला नाही तुम्ही.

६ फेब्रुवारी, चेन्नई

आज परत आलो. समुद्र खवळलेला होता, बूस्टर पडल्यावर जहाजाला त्याच्यापाशी पोहोचायला दीड दिवस लागला. माझी सगळी गोळ्यांची पट्टी संपली. दुर्बिणीतून आधी नुसतं पाणीच दिसत होतं. मग कुणीतरी बोट दाखवलं. बूस्टर लाटांवर उभाच्या उभा होता, अर्धा पाण्यात, वर-खाली होत. एक पिशवी मऊ पडून लोंबत होती, उरलेल्या तिघींनी धरलं होतं. आणखी एक रात्र लागली असती तर गेलाच असता, असं कप्तान म्हणाला. पाणबुडे उतरले, दोर बांधला, क्रेनने वर घेतला. डेकवर आल्यावर सगळे फोटो काढत होते. मी जाऊन त्याच्या थंड पत्र्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. अभयला वाटलं, काका जोड तपासतायत.

जहाज बंदराला लागलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. गेटच्या बाहेर, ट्रकांच्या धुरळ्यात, मनकर्णा उभी होती. हातात केळी. पाय सुजले होते. शेजारी अभयची बायको उन्हाने लाल झालेली, तिने सांगितलं की या सकाळपासून इथेच आहेत, जेवायलाही हलल्या नाहीत.

म्हटलं, अगं, संध्याकाळी येणार असा जहाजाच्या वायरलेसवरून निरोप दिला होता ना तुला?

"व्हय," ती म्हणाली. "म्हाईत होतं मला."